काचेतला शालू

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगते — का, तर कंटाळा आलाय. लपवायचाही कंटाळा येतो, खरंच.

आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर मोठी काचेची फ्रेम आहे. आत डाळिंबी शालू, पदर पसरून लावलेला. माझ्या सासूबाईंचा, लग्नातला. चादरी-टॉवेलांच्या आमच्या सोलापुरात कापडाचं कुणाला काय कौतुक, पण ह्या जरीपुढं लोक थांबतात. चपला काढता काढताच म्हणतात, अगंबाई, काय जपलंयस! मग मी सांगते, सासूबाईंनी जाता जाता माझ्या हाती दिला. सांगून सांगून इतकं अंगवळणी पडलंय की मधेच डोळ्यांत पाणीही येतं. नाटकी म्हणा हवं तर.

दिला कुठला?

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे, सासऱ्यांना मामा. दोघं माढ्याची, मामा तिथंच शाळेत मास्तर. रिटायर झाल्यावर आमच्याकडं राहायला आले, तेव्हा एक ट्रंक आणली — तिच्यात आत्यांचा हा शालू आणि मामांचं लग्नातलं उपरणं, एकावर एक घडी. दिवाळीच्या आधी आत्या दोन्ही उन्हात टाकायच्या आणि मला बजावायच्या, "मी आधी गेले तर ह्योच नेसवायचा बरं का. दुसरं काय मागत न्हाय मी तुला." मी हो म्हणायचे. हो म्हणायला काय जातंय?

हात मात्र जरीवरून फिरायचा माझा. माझं लग्न घाईत झालं, शालू म्हणून जे आलं ते दुसऱ्या धुण्यातच विटलं. — पण ते जाऊ दे, ती सबब झाली. हाव होती, बास.

आत्या दवाखान्यातच वारल्या. घरी आणल्यावर बायकांनी आंघोळ घातली, कुणीतरी म्हणालं, साडी आण गं. मी आत जाऊन ट्रंक उघडली. शालू हातात घेतला — घेतला होता, खरंच. मग खाली ठेवला आणि कपाटातली हिरवी काठपदराची साडी घेऊन बाहेर आले. सवाष्णीला हिरवं नेसवतातच की, कोण कशाला विचारेल? कुणी विचारलं नाही. मामा बाहेर पुरुषांत बसले होते. उचलताना त्यांनी आत्यांकडं एकदा पाहिलं, तेवढंच.

वर्षश्राद्ध झालं आणि मी फ्रेम करून घेतली. मामांनी आपली खुर्ची फिरवून गॅलरीकडं तोंड करून ठेवली. आठवण सोसत नसेल, असं मला वाटलं. म्हणजे — तसं वाटून घेतलं मी.

यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. बायका शालूचं कौतुक करून गेल्या, मी वाणाच्या वाट्या आवरत होते. मामा पाठमोरेच म्हणाले, "आमचं ठरलं होतं गं. तिनं शालू नेसून जायचं, मी उपरणं घेऊन." मग गॅलरीकडंच बघत म्हणाले, "दवाखान्यात ओरडलो होतो मी तिच्यावर. औषध घेईना म्हणून. त्योच राग धरला असंल. म्हणून नको म्हणाली का गं, मी घेतलेला शालू?"

बघा, एवढंच बोलायचं होतं — नाही मामा, त्या नको म्हणाल्या नव्हत्या, मी चोरला. म्हाताऱ्या माणसाचा जीव हलका झाला असता. जीभ उचलली का माझी? उचलली की. मी म्हणाले, "राग कसला मामा? तुलाच राहू दे, म्हणाल्या."

त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी उपरणं आणून माझ्या हातात दिलं. "हेबी लाव काचेत. तिनं न्हाय नेलं, मग मी कशाला नेऊ?"

मी लावलं. फ्रेमवाल्यानं हौसेनं उपरण्याची आणि पदराची गाठ मारून दिली. छान दिसते. येणारी जोडपी त्यापुढं उभी राहून फोटो काढतात. मामांनी अजून एकदाही वळून पाहिलेलं नाही.