तरवडाची चित्रं

दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत नळ कोरडे होते. वनस्पतिशास्त्राच्या डेमॉन्स्ट्रेटर बाई अणदूरच्या, बौद्ध शेतमजुराच्या घरातल्या. पाठ्यपुस्तकात तेव्हा पाइन आणि ओक. आमच्या पोरांनी जन्मात न पाहिलेली झाडं. मी मराठीतून नवं पुस्तक लिहायला घेतलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "सर, तरवड घ्या की. दुष्काळात बी फुलतंय. पोरं रोज बघत्यात."

मजकूर माझा. झाडं त्यांनी निवडली, चाळीस चित्रं त्यांनी काढली. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात नावाची दोन बारीक अक्षरं. कव्हरवर दोघांची नावं येतील, हे मीच कबूल केलं होतं.

पुण्याचे प्रकाशक हस्तलिखित चाळत म्हणाले, "अभ्यास मंडळावरची मंडळी आधी आडनाव वाचतात, मग पुस्तक. एकच नाव ठेवा. तुमचं."

मी चहा पीत राहिलो.

घरी येऊन दाढीच्या ब्लेडनं चाळीस कोपरे खरवडले. प्रयोगवहीतली शाईची चूक आम्ही अशीच काढायचो. हात सरावाचा होता.

पुस्तक अभ्यासक्रमाला लागलं. त्याच्या जोरावर मी विभागप्रमुख झालो. बाईंनी पहिली प्रत उलटूनपालटून पाहिली. "छपाई बरी आलीय. माझी मूळ चित्रं परत मिळतील का, सर?"

"छापखान्यात गहाळ झाली," मी म्हणालो. ती माझ्या ट्रंकेत होती.

बाईंनी स्टाफरूममध्ये बसणं सोडलं, पुढं नोकरीही. मला कुणीच काही म्हणालं नाही. वर्षानुवर्षं दुपारचा डबा एकटाच खाल्ला, कुणी शेजारी बसू नये म्हणून समोर तेच पुस्तक उघडं ठेवून.

आता नवी आवृत्ती निघतेय. परवा चित्रं घेऊन येडशीच्या शाळेत गेलो. बाई तिथं शिकवतात. त्यांनी एक कागद खिडकीशी धरला. खरवडल्या जागेतून उजेड आरपार आला.

"गहाळ काही झालं नव्हतं. हे मीच केलं."

"व्हय. तुम्ही नेहमी डावीकडून खरवडता."

"नव्या आवृत्तीत तुमचं नाव आधी घालायला सांगतो."

"सांगतो? म्हंजे अजून सांगितलं न्हाय."

तासाची घंटा झाली. चित्रं काखेत घेऊन त्या वर्गात गेल्या.

स्टँडवर बसून प्रकाशकांना इनलँड लिहिलं. बाईंचं पूर्ण नाव, आडनावासकट. हे नसेल तर माझंही नको. पत्र येडशीतच टपालपेटीत टाकलं. घरी नेलं असतं तर तेही ट्रंकेत गेलं असतं.