मी अंगठा दिला नाही

“आबा, बाईला खाली घ्या. कॉट लागतेय.”

मला वाटलं वॉर्डबॉय दुसऱ्या कुणाला म्हणतोय. धुळ्याचा सरकारी दवाखाना, अपघात विभाग. एकेका कॉटवर दोन-दोन माणसं. बाकीचे फरशीवर, गोधडी टाकून. माझ्या बायकोला दम लागलेला. पारोळ्याहून इकडं पाठवलं होतं. नाकाला ऑक्सिजनची नळी. तिच्या कॉटवरची दुसरी बाई एक्स-रेला नेलेली.

दारात पांढऱ्या कपड्यातले चार जण. कुण्या पुढाऱ्याची आत्या आणली होती. ताप होता म्हणे. चालत आली.

वॉर्डबॉयनं बायकोला बगलेत धरून खाली बसवलं. आत्या कॉटवर बसली. मी बघत राहिलो. सांगायला लाज वाटते. कुणापुढं वाकलो नाही म्हणून गावात सांगायचो. तिथं हात जोडून बाजूला झालो.

नळी खाली पुरेना. तिचे ओठ काळे पडायला लागले. मी तिला मागून छातीशी धरून उभी केली. नळी पुरेल इतकी.

तेवढ्यात क्लार्क आला. “इथं अंगठा द्या.”

मी दुसरी शिकलेलो. अक्षराला अक्षर जोडून वाचतो. म्हणालो, “समोर धर.”

“आबा वाचणार. कलेक्टर व्हायचं राहिलं वाटतं.”

पांढरे कपडे हसले.

पेशंटला स्वखुशीने घरी नेत आहे. बरंवाईट झाल्यास जबाबदार मी. असं लिहिलं होतं.

आमची चूक हीच. साहेबाचा कागद आला की अंगठा आपोआप पुढं जातो. माझ्या भावाला असंच घरी नेलं होतं. वाटेत गेला. त्या कागदावर अंगठा माझाच होता. काय लिहिलंय, ते आज कळलं.

“मनी खुशी नही शे. माझी खुशी नाही,” मी म्हणालो.

बायकोला उचलून परत कॉटवर ठेवलं. आत्याला म्हणालो, “जरा सरका, अक्का.” आत्या सरकली.

“म्हाताऱ्या, कुणाची आत्या शे, माहीत शे का?” पांढऱ्या कपड्यातला एक म्हणाला.

“तिलाच विचारा. ती तर सरकली.”

डॉक्टरीणबाई आली. पोरगीच. सकाळपासून उभी. “बाबा, कॉट आहेत तेवढ्याच. मी कुठून आणू?”

तिच्यावर राग नाही. कॉट कमी तर कमी, दाटीत बसू. पण दरवेळी आम्हीच का उतरायचं?

बायको वाचली. दम आहेच. पुन्हा जावं लागणार. फरशीवर जागा मिळाली तर फरशीवर बसू. पण मिळालेल्या कॉटवरून तिला उतरवायला जो येईल, त्याला आधी मला उचलावं लागेल.