लक्ष्मणरावांची बिनआवाजाची गाडी

सुदामा नगरात आमच्या गल्लीच्या टोकाला जगदाळ्यांची नर्सरी आहे. लक्ष्मणराव जगदाळ्यांचे पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते. लक्ष्मणरावांनी आयुष्यभर डिझेलची लोडिंग गाडी हाकली आणि गुलाब-जास्वंदाच्या कुंड्या साऱ्या इंदूरभर पोचवल्या. शेजारच्या सीटवर कायम त्यांच्या पत्नी मनोरमाबाई. कुठल्या बंगल्यात ऊन किती येतं आणि कुठल्या बाल्कनीत काय जगेल, हे त्यांनाच ठाऊक.

सहा वर्षांपूर्वी मनोरमाबाईंच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, पण जाताना आवाजही घेऊन गेली. उरली नुसती कुजबुज. घरात ती ऐकू यायची. गाडी सुरू झाली की इंजिनाच्या खडखडाटात काहीच उरायचं नाही. मग त्या लक्ष्मणरावांच्या हातावर बोट टेकवायच्या. एकदा टेकवलं की थांबा, दोनदा म्हणजे वळा. दोघांचा संसार रस्त्यावर तरी तेवढ्यावरच चालला होता.

गेल्या वर्षी जुनी गाडी पार थकली, तेव्हा लक्ष्मणरावांनी इलेक्ट्रिक पिकअप घ्यायचं ठरवलं. बाजारात त्यांच्या कामाच्या तीन होत्या. तिन्ही शोरूमवाले आपापले रंगीत कागद पुढे करत होते.

"कागदावर माझ्या कुंड्या थोड्याच चढणार आहेत?" लक्ष्मणराव म्हणाले. "एक दिवस गाडी द्या. माल माझा, रस्ता माझा."

माल ठरला ओल्या मातीच्या ऐंशी कुंड्या. धर्मकाट्यावर वजन भरलं सात क्विंटल. रस्ता ठरला अन्नपूर्णा, भंवरकुआं, मग खंडवा रोडनं सिमरोल, भेरूघाट उतरायचा, पुन्हा चढायचा आणि घरी. तिन्ही गाड्यांना तोच माल आणि तीच वाट, आणि आकडे टिपायला एक वही.

पहिली पांढरी. घरी परतली तेव्हा बॅटरी चाळीस टक्के शिल्लक होती. लक्ष्मणराव खूश झाले. पण तिचा डाला, म्हणजे माल ठेवायचा मागचा हौदा, उंच. कुंडी छातीपर्यंत उचलल्याशिवाय आत जात नव्हती, आणि लांबीही कमी, त्यामुळे दहा कुंड्या पायाशी घ्याव्या लागल्या.

दुसरी निळी. डाला ऐसपैस आणि कमरेइतका, चढवणं-उतरवणं एकदम सोपं. भेरूघाटाच्या चढावर मात्र तिचा दम तुटला. स्टिअरिंगमागच्या काचेत लाल दिवा लागला आणि मागून येणारे ट्रक हॉर्न देत पुढे निघून गेले.

या दोन्ही खेपांना शोरूमचा माणूस शेजारी बसला होता, म्हणून मनोरमाबाई घरीच राहिल्या. तिसऱ्या, हिरव्या गाडीबरोबर अनीश नावाचा तरुण सेल्समन आला. कुंड्या चढवल्यावर मनोरमाबाई सवयीनं गाडीच्या डाव्या दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. ते त्यानं पाहिलं.

"काकाजी, मी नाही येत," तो म्हणाला. "काकूंनाच न्या. गाडीत जीपीएस आहे, भागून कुठे जाल?"

फाल्गुनातली सकाळ होती. भंवरकुआंच्या कोचिंगची गर्दी मागे पडली. खंडवा रोड मोकळा झाला आणि गाडी पाण्यावरून सरकावी तशी चालू लागली. लक्ष्मणराव नंतर मला सांगत होते, "माणूस झोपेत चालतो ना, तसं वाटत होतं. पाय जमिनीला लागत नाहीत."

सिमरोलच्या पुढे कुणीतरी म्हणालं, "पळस फुललाय."

लक्ष्मणरावांनी आधी मोबाइलकडे पाहिलं. मग डावीकडे वळून पाहिलं.

"तू बोललीस?"

"केव्हाची बोलतेय," मनोरमाबाई म्हणाल्या. "तुम्ही आत्ता ऐकलंत."

मग त्या बोलतच राहिल्या. घाटाच्या उतारावर लाल-केशरी झाडं एकेक करून मागे जात होती आणि ती कुजबुज केबिनमध्ये अत्तरासारखी पसरत होती. या वळणावर दर वेळी उतरून बसावंसं वाटतं, त्या म्हणाल्या, पण बोटानं एवढं कसं सांगणार. लहानपणी त्या धारला होत्या. वडील त्यांना सायकलच्या दांड्यावर बसवून तळ्यावर न्यायचे आणि कमळाला पाण्याखालीही मान असते, असं सांगायचे. लक्ष्मणरावांनी बत्तीस वर्षांत हे ऐकलं नव्हतं. त्यांनी त्या वळणावर गाडी थांबवली. ऊन डोक्यावर येईपर्यंत ऐंशी कुंड्यांसकट दोघं तिथेच बसून होती. खाली दरीत पळसाचा रंग उन्हात हलत होता. कधी बोलणं, कधी नुसतं पाहणं.

घरी आल्यावर लक्ष्मणरावांच्या लक्षात आलं की वहीत एकही आकडा लिहिलेला नाही.

दुसरा कुणी असता तर तिथेच गाडी पसंत करून मोकळा झाला असता. लक्ष्मणरावांनी अनीशला फोन केला. "भिया, परीक्षा राहूनच गेली. उद्या परत द्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मनोरमाबाईंना बजावलं, आज घाटापर्यंत बोलायचं नाही. त्या हसल्या आणि गप्प बसल्या. हिरवी गाडी न थकता घाट चढली. घरी आली तेव्हा बॅटरी अठ्ठावीस टक्के, म्हणजे पांढरीपेक्षा कमी. डाला निळीइतका लांब नाही, पण उंची कमरेइतकीच आणि ऐंशी कुंड्या मावणारा. घरच्या सॉकेटवर पूर्ण भरायला सात तास.

शांत तर पांढरीही होती. न्याय म्हणून त्यांनी तीही पुन्हा मागवली आणि या वेळी मनोरमाबाईंना शेजारी बसवलं. त्यात त्या तितक्याच छान ऐकू आल्या. पण पुढच्या खेपेचा माल भरताना तिसरीच कुंडी मनोरमाबाईंना छातीच्या वर उचलेना. लक्ष्मणरावांनी कुंडी हातातून घेतली आणि वही मिटली. हिरवी गाडी आली.

तेव्हापासून लोक त्यांना विचारायला येतात. परवा भंवरकुआंच्या होस्टेलांना टिफिन पुरवणाऱ्या कमलताई आल्या होत्या.

"भाऊजी, हिरवीच घेऊ ना?"

"तुम्ही काय नेता?"

"डबे. दोनेकशे."

"चढाव?"

"कुठला चढाव? फेऱ्या मात्र दिवसाला सहा."

"मग पांढरी घ्या," लक्ष्मणराव म्हणाले. "डबा हलका, उंच डाल्याचा त्रास नाही. तुम्हाला पल्ला हवा. आणि घेण्याआधी रोजच्या गल्लीतून फिरवून पाहा, भरलेले डबे ठेवून. रिकामी गाडी सगळ्यांचीच चांगली चालते."

कमलताईंनी डबे ठेवून फिरवली आणि पांढरी घेतली. त्या समाधानी आहेत.

सोमवारी नर्सरी बंद असते. गेल्या सोमवारी जगदाळे नवराबायको उजाडताना निघून महेश्वरला गेले. वाटेत धामनोदजवळ गाडी दोन तास चार्जिंगला लावली आणि निंबाखाली पोहे खाल्ले. दुपारी नर्मदेच्या पायऱ्यांवर लक्ष्मणरावांना डोळा लागला. जाग आली तेव्हा मनोरमाबाई पाण्यात पाय सोडून एका नावाड्याशी बोलत होत्या, आणि तो वल्हं हातात तसंच धरून, पुढे वाकून ऐकत होता.