जांभळ्यातला निळा

नव्या जालन्यात केक म्हटलं की उषाबाई, असं बरीच वर्षं होतं. त्या मूळच्या शेतकरी घरातल्या, पण नवरा धर्मराज पाटबंधारे खात्यात कारकून, त्यामुळे बिऱ्हाड शहरात. औरंगाबादला बदली झाली तेव्हा शेजारणीच्या नादानं त्या आयसिंगच्या क्लासला गेल्या आणि तिथंच त्यांचा हात बसला. धर्मराज अचानक गेले, तेव्हा महिनाभर त्यांनी ओव्हनवरचं फडकंसुद्धा काढलं नव्हतं. शेवटी कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस आला, कुणी तरी गळ घातली, आणि बाई पुन्हा उभ्या राहिल्या.

नव्वदच्या पुढं लग्नाच्या रिसेप्शनला केक कापायची टूम जालन्यातही आली. उषाबाईंची एकच अट असायची, नवरीच्या साडीच्या ब्लाउजपीसचा तुकडा आणून द्यायचा. तो तुकडा खिडकीच्या चौकटीत टाचणीनं लावायच्या आणि सकाळच्या उजेडात वाटीत रंग जुळवायच्या. ट्यूबच्या उजेडात रंग खोटं बोलतो, म्हणायच्या. काडीच्या टोकावर रंग घ्यायचा, साखर-लोण्याच्या पांढऱ्या गोळ्यात फिरवायचा, थांबायचं, बघायचं. आयसिंग दुसऱ्या दिवशी जरा गडद होतं, म्हणून आज एक पायरी फिका ठेवायचा.

सून बेबीनंदा वाटूरची. घरात सगळे तिला नंदा म्हणत. तिचा नवरा, उषाबाईंचा मुलगा संपत, एमआयडीसीत रोलिंग मिलवर जायचा, आणि दिवसभर घरात या दोघीच. नंदा फार बोलायची नाही. लोणी फेटायची, भांडी घासायची, सासूचं बघून बघून फुलंही काढायला शिकली होती.

एका वर्षी उन्हाळ्यात वाटूरला नंदाची आई केशरबाई ओसरीवरून पडली आणि हात मोडून बसली. नंदा माहेरी गेली. नेमका त्याच आठवड्यात बँकेतल्या गिरिधररावांच्या मुलीच्या, शरयूच्या, लग्नाचा तीन मजली केक होता. तुकडा आला होता फिक्या जांभळ्या रंगाचा. उषाबाईंनी गुलाबी घेतला, त्यात निळा घातला. कमी वाटला म्हणून आणखी घातला. मग तुकडा वाटीशेजारी धरला, दोन्ही एक दिसले, आणि त्यांना समाधान वाटलं.

मंगल कार्यालयात केक मांडून झाल्यावर शरयू बघायला आली. हळूच म्हणाली, "काकू, निळा का केला?"

उषाबाईंना वाटलं, पोरगी थट्टा करते. त्यांनी पिशवीतून तुकडा काढून केकला लावून पाहिला. एकच तर होता. शेजारी स्टेज सजवणारा म्हातारा तातेराव फुलं ओवत बसला होता. त्यांनी त्याला विचारलं, हे दोन्ही एकच दिसतंय ना.

तातेराव जवळ आला, वाकून बघितलं. "न्हाई बाई. कपडा जांभळा हाय अन् केक निळा. पर दिसायला चांगला हाय."

उषाबाईंनी शरयूची माफी मागितली. पोरगी समजूतदार, तिनं त्यांचा हात धरला आणि राहू द्या म्हणाली. तातेरावानं आपणहून जांभळ्या ॲस्टरची फुलं केकभोवती लावून दिली. समारंभ पार पडला, कुणी काही बोललं नाही. पण परतताना रिक्षात उषाबाईंच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. नंदा घरात असताना असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या एसटीनं वाटूरला गेल्या. नंदा ओसरीवर आईची वेणी घालत होती. केशरबाईचा हात प्लास्टरमध्ये. उषाबाईंनी विहिणीची विचारपूस केली, चहा घेतला, आणि नंदाला जरा मागच्या लिंबाच्या झाडाखाली चल म्हणाल्या. तिथं त्यांनी केकचं सगळं सांगितलं आणि सरळ विचारलं, कधीपासून माझे रंग नीट करते आहेस?

नंदानं सांगितलं. गेल्या दिवाळीच्या सुमाराला आत्याबाई, म्हणजे उषाबाईच, पांढरा केक करत होत्या. लोणी पिवळं दिसतं म्हणून त्यात निळ्याचा थेंब घालत गेल्या, घालत गेल्या, आणि केक हिरवट झाला. त्यांना तो पांढराच दिसत होता. त्या अंघोळीला गेल्या तेव्हा नंदानं नवं आयसिंग फेटून वर लावलं. तेव्हापासून प्रत्येक वेळी.

"मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काम सोडून दिलं असतं, आत्याबाई. मामंजी गेल्ते तवा तुम्ही कशा बसून राह्यल्या व्हत्या, ते मी पाह्यलंय. तशा मला तुम्ही पुन्हा बघवल्या नसत्या."

उषाबाईंना राग आला होता, तो कुठं गेला कळलंच नाही. पदरानं डोळे टिपून त्या म्हणाल्या, "इथून पुढं चोरून रंग घालू नकोस. माझ्यासमोर घाल."

नंदानं मान हलवली. मग दोघी आत गेल्या आणि केशरबाईची अर्धी राहिलेली वेणी उषाबाईंनीच पुरी केली.

जालन्यातल्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. तो असा हळूहळू चढतो की माणसाला स्वतःला कळतच नाही, ते म्हणाले. पिवळ्या काचेतून बघावं तसं होतं, आणि निळा तेवढा हरवतो. पावसाळा सरल्यावर ऑपरेशन झालं. तोवर आलेले केक दोघींनी एकाच वाटीवर वाकून केले. उषाबाई प्रमाण सांगायच्या, नंदा थांबा म्हणायची.

पट्टी निघाली त्या दिवशी घरी येताच उषाबाई खिडकीपाशी गेल्या. रंगाच्या बाटल्यांकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. समोर नंदा उभी होती, काय म्हणतात याची वाट बघत. त्या तिच्याकडे बघत राहिल्या. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, गालावर उन्हाचे डाग होते. एवढ्या दिवसांत हे त्यांना दिसलंच नव्हतं.

"अगं, इतकी कशानं वाळलीस?" त्या म्हणाल्या, आणि तिला खुर्चीवर बसवून चहा टाकायला स्वतः आत गेल्या.