आप्पांचे सलग तीन ठोसे

नारायण तेलाचा वास आला की शिरूरमधली आमची पुढची खोली आठवते. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर वडिलांच्या उजव्या हाताची बोटं नीट हलेनात, म्हणून मी मारामारीचा एक जुना व्हिडिओ गेम आणला. त्यात तिघांची टीम घ्यायची होती. मी म्हणाले, "आप्पा, आधी एकच गडी शिका. पहिला ठोसा बसला की मगच दुसरं बटन दाबा, घाई नका करू." "म्हंजी म्हशीची धार काढल्यावानी," ते म्हणाले. रोज बोटांना ते तेल चोळून झालं की आम्ही एकमेकांविरुद्ध खेळायचो, पण कित्येक दिवस त्यांचं बोट बटनावरून घसरत राहिलं. मग एका दुपारी त्यांचे सलग तीन ठोसे बसले आणि माझा शेवटचा गडी आडवा झाला. आप्पांचे डोळे भरले. "मुद्दाम हरलीस व्हय?" त्यांनी विचारलं. मी खरंच हरले होते, पण त्यांना ते अजूनही पटत नाही.