तबेल्यातली शिकवणी

"वही खाली ठेव. हातात द्यायची नाही."

वकिलांची बहीण मागच्या दारात तांब्या घेऊन उभी होती. मी वही जमिनीवर ठेवली. त्यांनी वहीवर पाणी शिंपडलं आणि मग वकिलांच्या मुलाने ती उचलली. मी नुकतीच तपासलेली गणितं. शाई ओलीच होती. माझे आकडे पसरले, पानभर डाग झाले. मुलगा हसला. मीही हसलो. शिंपडलेल्या पाण्याचं मला काही वाटलं नाही, ते लहानपणापासून बघत आलो होतो. पण मी हसलो, त्याची लाज मला अजून वाटते.

नाशकात गंगेपासून, म्हणजे गोदावरीपासून, जवळच वकिलांचं घर होतं. त्यांचा वसंता मॅट्रिकला दोनदा आपटला होता. इंग्रजी, गणित, इतिहास, भूगोल, कशातच धड नाही. मी आमच्या वस्तीतला पहिला मॅट्रिक. चांगल्या गुणांचा. कोणीतरी वकिलांच्या कानावर घातलं आणि त्यांनी मला बोलावलं. घरात मला घेणं शक्य नव्हतं, ओसरीवरही नाही. म्हणून शिकवणी मागच्या तबेल्यात. दाराशी वसंताची खुर्ची, आत टांग्याच्या घोडीशेजारी पोत्यावर मी. संस्कृत तेवढं मी शिकवायचं नाही. त्यासाठी शास्त्रीबुवा येत. ते दिवाणखान्यात बसत.

शिकवणारा मी, आणि अहोजाहो करणारा मीच. "बापूसाहेब, हे पुन्हा करून बघा," मी वसंताला म्हणायचो. तो मला म्हणायचा, "अरे, सांग ना लवकर."

पाण्याने माझी शाई जाते म्हटल्यावर मी वहीला हात लावणंच सोडलं. चूक तोंडाने सांगायची, दुरुस्ती त्याने स्वतः लिहायची. दहादा चुकला तर दहादा लिहायची. त्यांच्या सोवळ्यामुळेच पोरगं शिकलं. हे त्या घरात कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मी हे सगळं का सोसत होतो? एका कागदासाठी. मास्तरांच्या ट्रेनिंग कॉलेजात अर्ज करायचा तर प्रतिष्ठित गृहस्थाचा चालचलणुकीचा दाखला लागायचा. आमच्या ओळखीचा प्रतिष्ठित गृहस्थ कोण असणार? मी तीन दारं हिंडलो होतो. तिन्हीकडून हात हलवत परतलो होतो. वकील म्हणाले, "वसंता पास झाला की देतो. पण त्या देवळासमोर तुमची माणसं बसतात ना, तिथे दिसलास तर दाखला विसर."

देवळाचं दार आम्हाला उघडावं म्हणून तेव्हा सत्याग्रह चालला होता. मी गेलो नाही. आई जायची.

"तू नको येऊ," ती म्हणायची. "तुझा दाखला व्हऊ दे. माझं काय, मला कोण वळखतंय?"

एका दुपारी तिला दोघी बायांनी धरून घरी आणलं. कपाळ फुटलेलं. पदर रक्ताने चिकटलेला. गर्दीतून दगड आला होता. मी जखम धुतली, चिंधी बांधली. मग तीच म्हणाली, "तुझी येळ झाली. जा."

मी गेलो.

त्या दिवशी हौदाचं गणित होतं. एक नळ हौद तीन तासांत भरतो, दुसरा सहा तासांत. दोन्ही सोडले तर किती वेळात? माझ्या नखांत आईचं रक्त होतं आणि मी वसंताला हौद भरायला शिकवत होतो. त्या हौदाचं पाणी प्यायची मला बंदी. गणित त्याला पहिल्या फटक्यात सुटलं. मला आनंद झाला. खरंच झाला. इतका मी खाली गेलो होतो.

वसंता पास झाला. गणितात तर गुण बघून त्याच्या हेडमास्तरांनीही डोळे मोठे केले म्हणे. घरात पेढे वाटले. शास्त्रीबुवांच्या अंगावर शाल घातली, तीही मी अंगणातून पाहिली. मग वकील ओसरीच्या कडेला आले आणि त्यांनी वरून कागद सोडला. मी झेलला. उभ्या उभ्या वाचला.

'सदर इसमाने माझे तबेल्यात एक वर्ष राहून घोडीची निगा इमानाने राखली. चालचलणूक चांगली.'

"साहेब, मी शिकवलं," मी म्हणालो.

"अरे, तसं लिहून द्यायचं? उद्या याचं लग्न जमवायचंय. आणि खोटं काय आहे त्यात? होतास की तबेल्यात. तुझं काम होण्याशी मतलब."

काम झालं असतं. ते मला ठाऊक होतं. सही मोठ्या वकिलाची, चालचलणूक चांगली, बाकी कोण बघतो? मी कागदाची घडी घातली. खिशात ठेवलीही. वसंता खांबाला टेकून पेढा खात होता.

मी विचारलं, "वसंता, तुला गणित कोणी शिकवलं?"

त्याने बापाकडे पाहिलं. मग म्हणाला, "शास्त्रीबुवांनी."

वर्षभरात एवढं एकच उत्तर त्याने चुकवायला नको होतं.

मी घडी खिशातून काढली. अंगणात, वही ठेवायचो तशी, जमिनीवर ठेवली.

"उचला," मी म्हणालो. "पाणी शिंपडून घ्या."

वकील ओरडत राहिले. ट्रेनिंग कॉलेजात कसा जातोस बघतो, म्हणाले. त्यांनी ते करून दाखवलं. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, मला कधीच प्रवेश मिळाला नाही.

घरी आई उंबऱ्यातच बसलेली. "भेटला कागद?"

"भेटला होता. ठेवून आलो."

तिने कपाळाला हात लावला. हात नेमका त्या व्रणावर. "आता रं कसं?" म्हणाली आणि रडली. वर्ष गेलं होतं. मास्तरकी गेली होती.

सकाळी ती देवळाकडे निघाली तेव्हा मी बरोबर निघालो. तिला मागे घेतलं आणि दोन पावलं पुढे चालत राहिलो. दगड आला तर आधी मला लागायला हवा होता.