सख्ख्या भावांची एक गोळी

पोशीरच्या आमच्या घरात बाबा आणि काका सगळं वाटून घेतात. भाताची खाचरं, पंप, अगदी पेपरची पानंसुद्धा. त्यामुळे बाबांची बीपीची गोळी रोज सकाळी सुरीने अर्धी होत होती, हे मला दिसूनही दिसलं नाही.

चिखलणी चालू असताना काका चक्कर येऊन बांधावर बसले, तेव्हा दिसलं. दोघांनाही आरोग्य केंद्रात नेलं. काकांचा बीपी पार खाली, बाबांचा भलताच वर. डॉक्टरीणबाई माझ्यावरच खेकसल्या, "गोळी चालू आहे म्हणता, मग हा आकडा कसा?"

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. "अर्धी-अर्धी? कुणी सांगितलं तुम्हाला?"

काकांनी फडताळातून एक घडी केलेला कागद काढला. माझंच पत्रक. आमच्या संघटनेच्या आरोग्य मोहिमेसाठी मी लिहिलेलं, मीच गावभर वाटलेलं. ठळक अक्षरांत: 'हा आजार घराण्यात चालत येतो. एका भावाला असेल तर दुसऱ्यानेही सावध व्हा!'

"मंग? झालो सावध," काका म्हणाले.

बाबा पापडाला हात लावत नाहीत. काका सुकट खातात, दिवसभर तंबाखू मळतात. आणि बीपी बाबांना! हा अन्याय मी दुसऱ्या दिवशी जाऊन डॉक्टरीणबाईंपुढे मांडला. त्या म्हणाल्या, यामागे एकच जनुक नसतं. बारीक बारीक फरक पुष्कळ असतात आणि सख्ख्या भावांच्याही वाट्याला ते वेगवेगळे येतात. शिवाय शरीरात सतत काही घातक कण तयार होतात, ते रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब करतात. कुणाचं शरीर त्यांना पटकन आवरतं, कुणाचं कमी पडतं. हाच ऑक्सिडेटिव्ह ताण.

"तंबाखूने तो वाढतो ना?"

"वाढतो."

"मग काकांना का नाही?"

"अजून नाही. का, ते मलाही नक्की सांगता येणार नाही."

आता यावर घोषणा काय लिहायची? मी चार कागद फाडले. मिठाला दोषी धरावं, तर ते अर्धंच दोषी. आजोबांना धरावं, तर काकाही त्यांचेच. मोर्चा न्यायचा कुणाच्या दारात?

इकडे बाबा अडून बसले. "मी एकटा आजारी नि हा बरा, आसं कसं? त्याला पन लागंल उद्या."

काकांच्या तर ते मनालाच लागलं. "म्हंजे मी ह्याचा सख्खा नाय का गं?"

"सख्खेच आहात! तरी वेगळं असतं."

"का पन?"

पत्रकात कधी न लिहिलेलं वाक्य माझ्या तोंडून निघालं. "मला नाही कळत, काका. पण अर्ध्या गोळीने बाबांचा बीपी उतरत नाही आणि तुम्ही आडवे होता. हे मशीनवर दिसलंय."

काकांनी सुरी फडताळात ठेवून दिली. मग म्हणाले, "घे दादा, अख्खी घे."

बाबांनी घेतली, ती काकांवर उपकार केल्यासारखी.

पंधरा दिवसांनी आकडा उतरला. बाबा खूश, काका त्याहून खूश, अंगणात तंबाखू मळत बसलेले. मलाही बरं वाटलं. आणि त्याच वेळी इतका राग आला की बस्स. कुणाचा, ते मात्र अजून ठरत नाही.